सोमवारची साखळी

पाळकाचा रविवार सोमवारी असतो. लग्न होऊन मी अंधेरीला आले, तेव्हा हे मला कोणी सांगितलं नव्हतं. रविवारी मंडळीतली माणसं इस्त्रीचे कपडे घालून चर्चला येतात, गाणी म्हणतात, उपदेश ऐकतात आणि घरी मटण शिजत घातलेलं असतं म्हणून जरा घाईनेच परततात. पाळक त्या दिवशी कामावर असतो. उपासना झाली की मुलांचा शास्त्राभ्यास, मग अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊन प्रभुभोजन देणं, संध्याकाळी कोणाच्या तरी सासू-सुनेचा तंटा. घरी येईपर्यंत माणूस पार गळून गेलेला. सोमवारी सगळी मुंबई कामाला लागली की आमचे हे ओसरीवर बनियनमध्ये बसायचे आणि समोरच्या चिंचेकडे बघत राहायचे. मला आधी वाटायचं, ध्यान चाललंय. मग कळलं, उघड्या डोळ्यांनी झोप काढताहेत.

आमचं चर्च मरोळच्या रस्त्याला होतं. चर्च म्हणजे एक लांबट कौलारू खोली आणि तिच्या मागे पाळकाला राहायला दोन खोल्या नि स्वयंपाकघर. त्या घरात आम्ही दोघंच. मूलबाळ झालं नाही. त्यासाठी मंडळीतल्या बायकांनी जेवढ्या प्रार्थना केल्या तेवढीच माझ्यामागे कुजबुजही केली, तेव्हा तो विषय मी सोडून देते. घराच्या पलीकडे तेव्हा अजून भातखाचरं होती आणि खाचरांच्या पलीकडे औद्योगिक वसाहतीच्या नव्या शेड उभ्या राहत होत्या. दुपारी भोंगा झाला की उन्हात सगळं एकदम थांबल्यासारखं वाटायचं. आता डोळे मिटले की तो सगळा भाग मला पाण्याखाली असल्यासारखा दिसतो. माणसं हळूहळू चालताहेत, काहीतरी बोलताहेत, पण आवाज पोचत नाही. एवढ्या वर्षांनी त्यातलं खरं किती आणि मी दुपारच्या झोपेत पाहिलेलं किती, हे मला नेमकं सांगता येणार नाही. पण सोमवार खरे होते.

महिन्यातून एका सोमवारी उपनगरातल्या पाळकांनी पाळीपाळीने एकमेकांच्या घरी जमायचं, हे मुलुंडच्या पाळकांच्या डोक्यातून निघालं. ते वयाने सगळ्यांत मोठे. बायको नुकतीच वारलेली, मुली लग्न होऊन आपापल्या घरी गेलेल्या. त्यांना आम्ही सगळे बाबा म्हणायचो. बाबांनी घाटकोपरच्या पाळकांना गाठलं, बोरीवलीच्या तरुण पाळकाला गाठलं आणि एक दिवस साकीनाक्याला बस सोडून घामाघूम होत आमच्याकडे आले. "महिन्यातून एकदा बसू या रे," ते ह्यांना म्हणाले. "मेंढरांना मेंढपाळ आहे. मेंढपाळाला कोण आहे?"

हे हो म्हणाले, पण बाबांची पाठ वळल्यावर मला म्हणाले, "मेंढरं पळवायचा बेत नसेल ना गं?"

बाहेरच्या माणसाला हसू येईल, पण पाळकांच्या जगात ही भीती खरी असते. चौघंही वेगवेगळ्या पंथांचे. बोरीवलीचा पाळक पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देणारा, आमचे हे कपाळावर शिंपडणारे. बुडवणारे म्हणायचे शिंपडलेलं धरत नाही, शिंपडणारे म्हणायचे बुडवायला देव काय हिशेबनीस आहे का लिटर मोजायला. मंडळ्या लहान. एखादं कुटुंब आपल्याकडून उठून दुसऱ्याच्या चर्चला जाऊन बसलं की पाळकाच्या जेवणावरची वासना उडायची. म्हणून पहिले दोन-तीन सोमवार चौघंही अगदी सांभाळून बोलत होते. प्रत्येकाची मंडळी जोरात वाढत होती, प्रत्येकाकडे बाकं कमी पडत होती. मी आतून ऐकत होते. आमच्याकडे निम्मी बाकं रिकामी असायची हे मला ठाऊक होतं.

त्यांचा संकोच जेवणाने मोडला. सोमवारी सकाळी वेसाव्याची कोळीण टोपली घेऊन दारात यायची. "घे गो बाय, तुज्या चार पाद्र्यांना पुरतील एवढी बोंबलं हायेत," असं म्हणून ती टोपलीच उतरवून ठेवायची. घासाघीस करायला मला तोंडच ठेवायची नाही. बोंबील तळले, भात-सार झालं, की चार धर्मसेवक पाटावर बसून असे जेवायचे की पंथ कुठला ते ताटावरून ओळखू येत नसे. जेवण झालं की बाहेरच्या खोलीत मोठी सतरंजी अंथरायची आणि चौघंही ओळीने आडवे व्हायचे. अर्धवट लोटलेल्या खिडकीतून उन्हाची एक पट्टी त्यांच्या पायांवरून सरकत जायची. बाबा घोरायचे. पाठोपाठ घाटकोपरचे घोरायचे. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला टेकून बसायचे, आणि मला वाटायचं की जगात आता कोणी जागं नाही, देवसुद्धा जरा कलंडला असेल. एवढी शांतता मला त्यानंतर कुठे मिळाली नाही.

घाटकोपरच्या पाळकांबद्दल सांगायला हवं. मनाने चांगला माणूस, पण उपदेशाचे तीन मुद्दे काढायची सवय त्यांच्या हाडात भिनलेली. कोणी म्हणालं, "आज उकडतंय," की ते म्हणणार, "उकाड्याविषयी तीन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत." त्यांची बायको शाळेत शिक्षिका, सोमवारी तिला सुट्टी नसायची, त्यामुळे त्यांना अडवणारं कोणी नव्हतं. बोरीवलीचा पाळक त्यांच्या अगदी उलट. अविवाहित, सडपातळ, सायकलवरून दहिसरपर्यंत मंडळी सांभाळणारा, आणि बोलताना कानाच्या पाळीपर्यंत लाल होणारा. तो मला वहिनी म्हणायचा. त्याच्या घरी सोमवार असला की स्वयंपाकाला मीच जायचे. त्याला चहाखेरीज काही करता येत नव्हतं, आणि चहाही जेमतेम.

जेवणाआधी साखळी प्रार्थना व्हायची. आमच्या लोकांत ही जुनी पद्धत आहे. सगळ्यांनी गोल बसायचं, डोळे मिटायचे, एकाने आपल्या शब्दांत प्रार्थना करायची, त्याने आमेन म्हटलं की त्याच्या डाव्या हाताच्या माणसाने सुरू करायचं, असं करत साखळी पुरी करायची. मधे कोणी बोलत नाही, कोणी डोळे उघडत नाही. मी गोलात नसायचे. माझ्या चुलीवर काहीतरी असायचंच. मी दारात उभी राहून ऐकायचे, आणि खरं सांगायचं तर डोळे उघडे ठेवायचे.

मग ते वर्ष आलं. आमच्या मंडळीत जालन्याकडून आलेली एक विधवा बाई होती, दवाखान्यात आया म्हणून काम करायची. तिचा एकुलता मुलगा औद्योगिक वसाहतीत फिटर होता. त्याचं लग्न ह्यांनीच लावलं होतं. लग्नाला वर्षही झालं नसेल, त्याला कावीळ झाली आणि ती उतरेना. हे रोज त्याच्या खाटेपाशी जाऊन प्रार्थना करत होते. शर्ट पाठीला चिकटेपर्यंत गुडघ्यांवर राहायचे. मुलगा गेला. दफन झाल्यावर सगळे पांगले तेव्हा ती आई ह्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. रडली नाही, ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, "पाळकसाहेब, तुमचं तरी ऐकतो ना तो?"

ह्यांनी फक्त हात जोडले. आम्ही मरोळच्या रस्त्याने घरी चालत आलो.

त्या दिवसापासून ह्यांना प्रार्थना येईना. रविवारी काही अडत नव्हतं. छापील उपासनेच्या पुस्तकात सगळ्या प्रार्थना तयार असतात, त्या हे खणखणीत आवाजात वाचायचे. मंडळीला पत्ताही लागला नाही. उलट उपासना वेळेवर सुटायला लागली म्हणून लोक खूष होते. पण घरी निजण्यापूर्वी आम्ही दोघं मिळून प्रार्थना करायचो, ती थांबली. हे हात जोडून बसायचे, ओठ हलवायचे, आणि थोड्या वेळाने म्हणायचे, "तू कर." मी करायचे. मला राग यायचा, ह्यांचा नाही, कोणाचा ते मला अजून नीट सांगता येत नाही. बहुतेक ज्याच्याकडे मी प्रार्थना करत होते त्याचाच.

"असं किती दिवस चालणार?" मी एकदा विचारलं.

"पुढच्या नाताळापर्यंत," हे म्हणाले. "मग सोडतो. मावसभाऊ म्हणतोय कारखान्याच्या गोदामात जागा आहे. ज्याला प्रार्थना येत नाही त्याने पाळक म्हणून फिरणं म्हणजे लोकांना फसवणं आहे."

पाळकी सोडली की घर सुटणार होतं, हे तर होतंच. पण मला घराची भीती नव्हती वाटत. मी ह्या माणसाशी लग्न केलं तेव्हा तो प्रार्थना करताना बघूनच केलं होतं. आमच्या गावच्या मेळाव्यात हा हडकुळा विद्यार्थी उभा राहिला आणि देवाशी असा बोलायला लागला, जसा माणूस शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलतो. तो आवाज गेला तर उरलेल्या माणसाला मी ओळखेन की नाही, ह्याची मला भीती वाटत होती.

"सोमवारी सांगा ना त्यांना," मी म्हणाले.

"काय सांगू? दुसऱ्या रविवारी माझी चार घरं घाटकोपरला जाऊन बसतील."

आणि सोमवार आला. आमच्याच घरी होता. साखळी सुरू झाली, ह्यांची पाळी आली, आणि हे गप्प. मी दारात उभी होते, माझ्या हातात झारा. बाकीचे तिघं डोळे मिटून वाट बघताहेत. मधे बोलायचं नाही हा नियम, त्यामुळे कोणी खाकरलंसुद्धा नाही. आत बोंबील करपले तरी मला हलवेना. ह्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि कानशिलाजवळची शीर उडत होती. शेवटी ह्यांनी कसंबसं आमेन म्हटलं आणि साखळी पुढे सरकली.

डोळे उघडल्यावर घाटकोपरच्या पाळकांचे डोळे ओले. "काय ती खोली!" ते म्हणाले. "आम्ही शब्दांत अडकलो रे. तू पार पलीकडे गेलास."

मला हसावं की झारा फेकावा कळेना. असा घोटाळा पाळकच करू जाणे. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, ह्याला बरं वाटत नाहीसं दिसतंय. पुढच्याच रविवारी घाटकोपरला मौनावर उपदेश झाला, अर्थात मौनाच्या तीन पायऱ्या, आणि तिसऱ्या पायरीवर अंधेरीचे एक सेवक पोचलेले आपण पाहिले आहेत असंही सांगण्यात आलं. त्यानंतर त्यांच्या मंडळीतली दोन तरुण मुलं मौन शिकायला आमच्या ओसरीवर येऊन बसली. हे त्यांच्याकडे बघत राहिले, ती ह्यांच्याकडे बघत राहिली. ती गेल्यावर हे आत आले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. मला माहीत होतं, आता नाताळापर्यंतही थांबणार नाहीत.

पुढचा सोमवार बोरीवलीला होता. तिथली बंगली अगदी जंगलाच्या कडेला. स्टेशनाकडची गजबज मागे टाकली की थोड्याच वेळात झाडं सुरू व्हायची, आणि रात्री कधीकधी वाघ ओरडतो असं तो तरुण पाळक सांगायचा. खरं-खोटं तोच जाणे. त्या दिवशी त्याने अंगणात आंब्याखाली चटया घातल्या होत्या. वारा नव्हता. पानांतून ऊन खाली गळत होतं आणि चौघांच्या पांढऱ्या सदऱ्यांवर हलत होतं. दूर कोणीतरी लाकूड तोडत होतं, तो ठोका उशिराने यायचा. मी विस्तवावर पातेलं ठेवून तिथेच बसले होते.

साखळी ह्यांच्यापाशी आली. पुन्हा तीच शांतता. घाटकोपरच्यांचा चेहरा आधीच भाविक झालेला मला दिसला. आणि मग हे मोठ्याने म्हणाले, "मला येत नाही."

तिघांनीही डोळे उघडले.

"प्रार्थना येत नाही मला. मागच्या वेळीही येत नव्हती. ते मौनबिन काही नव्हतं. त्या पोराला पुरल्यापासून आत काही नाही. मी सोडतोय हे काम."

घाटकोपरचे सावरून बसले. "असं का होतं, याची मुख्यतः तीन कारणं..."

"गप रे," बाबा म्हणाले.

मी बाबांना कोणाला गप म्हणताना तेव्हा प्रथमच ऐकलं. ते बराच वेळ चटईची काडी खुडत राहिले. मग म्हणाले, "आमची ही गेली, त्यानंतर मला खोकला लागला होता, आठवतं?"

"हो, फार लागला होता," बोरीवलीचा म्हणाला. "मी मध आणून दिला होता."

"मध खाल्ला मी. पण मला खोकला नव्हता. माझी पाळी आली की मी खोकायचो आणि आमेन म्हणायचो. तुम्हाला वाटायचं म्हातारा खोकतोय." ते ह्यांच्याकडे वळले. "दुसऱ्यांच्या प्रार्थना ऐकून दिवस काढले मी, पोरा. तुझीच जास्त ऐकली. म्हणून तर सोमवार चुकवला नाही कधी."

मी पातेल्यावरचं झाकण काढायचं म्हणून काढलं आणि पुन्हा ठेवलं. मला रडू येत होतं आणि तिथे तोंड लपवायला धुरापलीकडे काही नव्हतं.

मग बाबांनी एक रीत घालून दिली. ज्याची पाळी अडेल, त्याच्या डाव्या हाताच्या माणसाने त्याच्यासाठी बोलायचं. "पण 'ह्याला सामर्थ्य दे' असं नाही म्हणायचं," बाबा म्हणाले. "तसं म्हटलं की आपण काठावर उभं राहून बुडणाऱ्याला बोट दाखवतो. 'मी' म्हणायचं. त्याच्या जागी बसायचं आणि त्याच्या तोंडाने बोलायचं."

त्या दिवशी ह्यांच्या डावीकडे बोरीवलीचा तरुण पाळक होता. तो आधीच लाल झाला. डोळे घट्ट मिटून म्हणाला, "प्रभू, मी, म्हणजे मी अंधेरीचा. मी थकलोय. मी त्या आईपुढे उभा राहिलो आणि मला काही सुचलं नाही. मला तुझा राग आलाय आणि तो मला बोलूनही दाखवता येत नाही." इथपर्यंत इतकं चपखल होतं की ह्यांनी मान खाली घातली. पण त्या बिचाऱ्याला कुठे थांबायचं ते कळेना. "आणि माझ्या पत्नीबद्दल मी तुझे उपकार मानतो. ती जरा तापट आहे, तरी माझ्यावर तिचा फार जीव आहे. आमेन."

मग बाबांना हसू फुटलं, घाटकोपरचे मांडीवर थाप मारून हसले, आणि त्या सगळ्यांत हेही हसले. मी ह्यांना कितीतरी दिवसांनी हसताना बघत होते. "जेवायला ये तू, मग दाखवते तापट," मी त्याला म्हणाले. त्याला त्या दिवशी माशाचा सगळ्यांत मोठा तुकडा मीच वाढला.

हे काही एका दिवसात बदललं नाही. ह्यांनी नाताळला काम सोडलं नाही एवढंच. मावसभावाला म्हणाले, जरा थांब. तो थांबला, मग कंटाळला, आणि गोदामाची जागा दुसऱ्या कोणाला तरी गेली. रविवारी हे पुस्तकातून वाचत राहिले. पण महिन्याचा सोमवार आला की सकाळपासून ह्यांची चाल जरा हलकी व्हायची. साखळी ह्यांच्यापाशी येऊन थांबायची, आणि कधी बाबा, कधी बोरीवलीचा, ह्यांच्या जागी बसून बोलायचे. घाटकोपरच्यांना हे सगळ्यांत जड गेलं. ते "मी" म्हणून सुरू करायचे आणि दोन वाक्यांत "आपण सर्वांनी" वर यायचे. बाबा त्यांच्या गुडघ्याला चिमटा काढायचे. हळूहळू तेही शिकले. एकदा त्यांनी ह्यांच्या जागी बसून फक्त एवढंच म्हटलं, "प्रभू, आज मला काही नको. बसू दे नुसतं." मी दारात होते. मला तो माणूस तेव्हापासून आवडायला लागला.

आणि एक गोष्ट मी बघितली. चौघांनी बाकं कमी पडल्याच्या गोष्टी सांगणं बंद केलं. एका सोमवारी बाबा म्हणाले, रविवारी मुलुंडला मोजून एक बाक भरलं होतं. घाटकोपरचे म्हणाले, आमचा पेटीवाला रुसलाय, गाणी बेसूर होताहेत. आमच्या दोन घरांनी खरोखरच घाटकोपरला जायला सुरुवात केली, तेव्हा घाटकोपरच्यांनी स्वतः येऊन ह्यांना सांगितलं, आणि हे म्हणाले, "असू दे. त्यातला म्हातारा मधुमेही आहे, उपासनेनंतरच्या चहात साखर घालू नका." पूर्वी ह्यावरून महिनाभर आमच्या घरात जेवण गोड लागलं नसतं.

वर्षं गेली. किती गेली ते मी मोजलं नाही. खाचरं बुजत गेली, चिंचेच्या मागे चाळी आल्या, रस्त्यावरून ट्रक जायला लागले. तरी त्या सतरंजीवर उन्हाची पट्टी तशीच सरकायची, बाबा तसेच घोरायचे, फक्त उठताना आता बोरीवलीच्या पाळकाचा हात धरायचे. मला कधीकधी वाटतं की तो सगळा काळ म्हणजे एकच लांबलेली दुपार होती.

त्या दुपारींतली एक आमच्या घरची. घाटकोपरच्यांचा मोठा मुलगा बापाशी कडाक्याचं भांडून घर सोडून गेला होता. मुलुंडपासून दहिसरपर्यंत आमच्या लोकांत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. तो व्यासपीठावरून बापाने आपलं नाव घेऊन उदाहरण दिलं म्हणून चिडला, असं म्हणत होते. घाटकोपरचे मात्र त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हते. जेवायच्या आधी ते नेहमीसारखेच बोलले, जरा जास्तच बोलले. साखळी त्यांच्यापाशी आली. त्यांनी डोळे मिटले आणि ठासून सुरुवात केली, "हे प्रभू, पहिली गोष्ट..."

आणि थांबले. पहिली गोष्ट आली नाही. दुसरीही आली नाही. त्यांनी खालचा ओठ दाताखाली धरला.

बोरीवलीच्या पाळकाने एक डोळा किलकिला केला. बाबांनी मान वर केली. मी बघितलं. घाटकोपरच्यांच्या डाव्या हाताला आमचे हे बसले होते. रीतीप्रमाणे बोलायचं होतं ह्यांनी. एवढ्या वर्षांत दुसऱ्या कोणाची पाळी अडली नव्हती, ह्यांचीच अडायची, त्यामुळे दुसऱ्यासाठी बोलायची वेळ ह्यांच्यावर कधी आलीच नव्हती. बाबा ह्यांच्या पलीकडे होते. त्यांनी श्वास घेतला, म्हणजे ह्यांना जमलं नाही तर ते बोलणार होते.

पण हे बोलले. डोळे मिटलेले, आवाज अगदी साधा, शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तसा. "प्रभू," हे म्हणाले, "माझा मुलगा घरी येत नाही. मी चारचौघांत त्याला लाजवलं. मला बोलायची एवढी सवय आहे की त्याचं ऐकायचं राहूनच गेलं. त्याची आई रोज त्याचं ताट मांडते. मी तिला नको म्हणत नाही. माझ्या मुलाला कुठे असेल तिथे जेवायला मिळू दे. आणि तो आला तर मला त्या वेळी गप्प बसायची बुद्धी दे."

माझा मुलगा. हे शब्द मी ह्यांच्या तोंडून आयुष्यात कधी ऐकले नव्हते. मी दाराची चौकट धरली.

"आमेन," हे म्हणाले. घाटकोपरचे तोंडावर पंचा घेऊन रडत होते.

आता पाळी ह्यांची स्वतःची होती. इतक्या वर्षांच्या सवयीने बाबांनी ह्यांच्यासाठी बोलायला तोंड उघडलं. ह्यांनी डोळे न उघडताच हात पुढे केला आणि बाबांच्या गुडघ्यावर ठेवला. "थांबा बाबा," हे म्हणाले.

बाहेरून एक ट्रक गेला आणि खिडकीची काच हलली.

"प्रभू, त्या आईला काय सांगायचं, ते तू मला अजून सांगितलं नाहीस," हे म्हणाले. "ती अजून आमच्या चर्चला येते. तिसऱ्या बाकावर बसते. मी रोज विचारत राहीन."

आमेन म्हणायच्या आधी ह्यांचा आवाज अडला, आणि त्या अडलेल्या जागी कोणीतरी म्हणायला हवं होतं. मी गोलात नव्हते, माझी पाळी नव्हती, कोणी मला विचारलंही नव्हतं. दारातून मोठ्याने आमेन मी म्हणाले.